पोलादावरची अक्षरं

१८३० च्या ऑगस्टमध्ये 'कॉर्व्हो' नावाचं जहाज बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. हार्टफर्डचा एक सोळा वर्षांचा मुलगा त्यावर खलाशी म्हणून चढला होता. त्याचं नाव सॅम्युएल कोल्ट. सुकाणूचं चाक फिरतं आणि हव्या त्या जागी अडकून थांबतं, हे पाहता पाहता त्याला फिरत्या चक्राच्या पिस्तुलाची कल्पना सुचली आणि त्यानं चाकूनं लाकडाचा नमुना कोरला, असं सांगतात. काही जण सुकाणूऐवजी नांगर ओढायच्या रहाटाचं नाव घेतात. परत आल्यावर पैसे उभे करायला हा पोरगा गावोगाव हसवणाऱ्या वायूचे प्रयोग करत हिंडला, आणि जाहिरातीत स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा सुप्रसिद्ध डॉक्टर म्हणवून घेऊ लागला. १८३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. जगभर अमेरिकेची खूण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तूच्या जन्मकथेत कलकत्ता असं दोनदा डोकावतं. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण तोवर मी त्या वस्तूच्या नादाला लागले होते.

हार्टफर्ड हे विम्याचं शहर. विमा कंपन्यांच्या संगणकाच्या कामावर येऊन इथं स्थिरावलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, आमचं त्यांतलंच एक. आय-९१ महामार्गावरून जाता-येता एक निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. त्यावर सोनेरी चांदण्या, आणि टोकावर दोन पायांवर उधळलेलं शिंगरू. तो कोल्टच्या जुन्या कारखान्याचा घुमट. कारखाना तिथून केव्हाच हलला, त्या इमारतींत आता लोक भाड्यानं राहतात. भारतातून कोणी आलं की आमची एक ठरलेली फेरी असते. मार्क ट्वेनचं घर, मग विधानभवन, आणि विधानभवनासमोरच्या राज्य ग्रंथालयातलं छोटं संग्रहालय. तिथं कोल्ट कंपनीनं स्वतः जपलेला शस्त्रसंग्रह आहे. अशाच एका फेरीत मंडळी पुढे गेली आणि मी एका कपाटापुढे थांबले. नक्षीकामानं भरलेल्या पिस्तुलांकडे पाहून झालं होतं. नजर अडली ती एका अगदी साध्या रिव्हॉल्व्हरवर. त्याच्यावर शोभेसाठी काढलेली एक रेघ नव्हती, तरी ते देखणं होतं. मुठीचा बाक, घोड्याचा वर आलेला कान, नळीखालची बारीक दांडी, सगळं एकमेकांत मुरलेलं. हे ज्यानं काढलं त्याचा हात बसलेला होता, एवढं मला कळलं.

ते होतं १८७३ चं 'सिंगल ॲक्शन आर्मी'. विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स या कोल्टच्या दोन तंत्रज्ञांची ही रचना. अमेरिकी लष्करानं ते १८७३ साली पसंत केलं, पहिली मागणी ८,००० नगांची दिली आणि पुढे १८९२ पर्यंत तेच घोडदळाचं ठरीव हत्यार राहिलं. लष्करी नमुन्याची नळी साडेसात इंचांची. वजन किलोहून थोडं जास्त. बारूद आणि गोळी एकत्र असलेलं धातूचं काडतूस एका छोट्या झडपेतून एकेका घरात सरकवायचं आणि उडवून झालं की नळीलगतच्या दांडीनं एकेक ढकलून बाहेर काढायचं. सगळाच कारभार सावकाशीचा.

'सिंगल ॲक्शन' म्हणजे काय, तर चाप एकच काम करतो. तो घोडा सोडतो. घोडा मागे ओढायचं काम अंगठ्यानं, दर वेळी, वेगळं करावं लागतं. 'डबल ॲक्शन' रिव्हॉल्व्हरमध्ये चाप दाबत गेलं की घोडा आपोआप मागे जातो आणि आपोआप पडतो. ती सोय मोठी खरी, पण त्यासाठी आत चिमुकल्या स्प्रिंगा आणि पट्ट्यांची गर्दी करावी लागते. सिंगल ॲक्शनच्या पोटात थोडेच भाग, आणि ते उघड्या डोळ्यांनी समजावेत असे. घोडा मागे येतो तेव्हा एक पोलादी बोट चक्राला पुढे ढकलतं, एक खिळी खालून वर येऊन चक्र रोखते, एक चपटी स्प्रिंग हे सगळं ताणून धरते. घोडा ओढताना चार आवाज होतात. पहिला सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा अर्ध्या ओढीचा, जिथं चक्र मोकळं फिरतं आणि काडतुसं भरता येतात, तिसरा खिळीचा, चौथा पूर्ण ओढीचा. इंग्रजीत कोल्ट लिहायला चार अक्षरं लागतात, म्हणून हे पिस्तूल आपलं नाव उच्चारतं, असं इथले जुने संग्राहक कौतुकानं सांगतात. जुन्या, न वापरलेल्या नगात हे चार आवाज एकमेकांपासून स्वच्छ वेगळे ऐकू येतात. झिजलेल्या नगात तिसरा आणि चौथा एकमेकांत मिसळतो. कान तयार झाला की डोळे मिटूनही प्रकृती कळते.

आणि एक शिष्टाचार आहे. अर्ध्या ओढीवरून घोडा तसाच परत खाली सोडायचा नाही. आधी तो पूर्ण मागे न्यायचा, मग अंगठ्यानं धरून हळूहळू खाली आणायचा. अर्ध्यावरून परत फिरलं की खिळी अवेळी वर येते आणि चक्र फिरताना त्याच्या अंगावर गोल ओरखडा काढत राहते. शेकडो जुन्या कोल्टवर तो ओरखडा दिसतो. कोणीतरी न शिकता हाताळलं, त्याची ती नोंद.

हे सगळं मला शिकवलं ते एका वृद्ध गृहस्थांनी. आयुष्यभर टूलमेकर म्हणून काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर जुनी पिस्तुलं जमवतो, थोडीफार विकतो. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी काहीही हातात देण्याआधी तपासायला शिकवलं. नळी कुणाकडेही वळू द्यायची नाही, झडप उघडायची, चक्र फिरवून सहाही घरं डोळ्यांनी पाहायची, मग बोटानं चाचपायची. त्यांनी स्वतः तपासून माझ्या हाती दिलं तरी मीही पुन्हा तपासायचं, आणि मी परत दिलं की त्यांनी पुन्हा. इतक्या सरावातही त्यांनी ही पायरी कधी गाळलेली मी पाहिली नाही. मग त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाले, आधी स्क्रू बघ.

स्क्रू बघ, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. घरातलं काहीही दुरुस्त करायचं तर ते आधी स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर बसवून पाहत, आणि पातं खाचेत हललं तर हत्यार बदलत. "स्क्रूचं तोंड फाटलं की समजायचं, कोणीतरी घाई केलीय," असं ते म्हणायचे. कोल्टचे मूळ स्क्रू अतिशय बारीक खाचेचे असतात. त्यांना तसंच बारीक घासलेलं पातं लागतं. दीडशे वर्षांत एखाद्यानं स्वयंपाकघरातल्या स्क्रूड्रायव्हरनं उघडायचा प्रयत्न केला की खाचेच्या कडा उचलल्या जातात, आणि पोलाद ते विसरत नाही. स्क्रू धड असतील तर आतलं यंत्रही बहुधा धड असतं. पुढे बाबांना मी व्हिडिओवर एक पिस्तूल दाखवलं. त्यांनी बंदुकीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. चष्मा वर करून म्हणाले, "अगं, झडपेच्या कडेला जवळ ने. ह्या दोन भागांमधून कागदसुद्धा जायचा नाही. हातानं कानस मारून बसवलंय कोणीतरी." आणि बराच वेळ ते त्या अज्ञात फिटरबद्दल बोलत राहिले.

मला या छंदात ओढणारी गोष्ट हीच आहे, हे त्या संभाषणानंतर माझं मला कळलं. नेमबाजीची मला ओढ नाही. काउबॉयची स्वप्नं तर कधीच पडली नाहीत. आमच्या पिढीला रिव्हॉल्व्हर भेटलं ते 'शोले'मधून, आणि त्याची धास्तीच जास्त होती. मला ओढतो तो त्या पोलादावर राहिलेला मजकूर. तो लिहिणारे अनेक असतात. कारखान्यातला फिटर, लष्कराचा तपासनीस, गावातला दुकानदार, वापरणारा, त्याची पोरं, आणि या सगळ्यांनंतर हवा आणि पाणी.

कोल्टच्या नगावर क्रमांक तीन जागी कोरलेला असतो. फ्रेमच्या खाली, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर. तिन्ही जुळले तर भाग मूळचे. लष्करी नगांवर तपासनीसाची आद्याक्षरं असतात. ओ. डब्ल्यू. ए. म्हणजे ऑरव्हिल एन्सवर्थ, पहिल्या मागणीचा तपासनीस. डी. एफ. सी. म्हणजे डेव्हिड क्लार्क. आर. ए. सी. म्हणजे रिनाल्डो कार, अगदी शेवटच्या काळातला. ही माणसं एरवी कोणाच्या लक्षात राहिली असती? हजारो नग हातात घेऊन, घोडा ओढून, नळीतून उजेडाकडे पाहून त्यांनी आपली अक्षरं लाकडी मुठीवर ठोकली, आणि आज मी भिंगातून त्यांच्या ठशाची धार पाहते. चक्राचा आस समोरून एका स्क्रूनं धरलेला असेल तर नग जुन्या काळ्या बारुदीच्या जमान्यातला. आडव्या दाबखिळीनं धरलेला असेल तर साधारण १८९६ नंतरचा. धूर न करणाऱ्या नव्या बारुदीची हमी कंपनीनं १९०० पासून दिली. अशा खुणा मनात बसत जातात आणि एखादं पिस्तूल टेबलावर पडलेलं असतानाच त्याचा काळ सांगता येऊ लागतो. तो क्षण मोठ्या सुखाचा असतो.

त्यात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते 'आर्टिलरी' नमुन्यानं. लष्करानं जुनं ४५ कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर १८९२ साली मागे टाकून हलकं ३८ कॅलिबरचं डबल ॲक्शन घेतलं. मग गोदामात पडलेली जुनी रिव्हॉल्व्हरं बाहेर काढली गेली, त्यांच्या साडेसात इंची नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या, आणि ती क्युबा, फिलिपिन्सच्या लढायांपर्यंत पुन्हा सैन्याच्या हाती आली. हे काम मोठ्या संख्येनं झालं तेव्हा सगळी रिव्हॉल्व्हरं सुटी करून भाग एकत्र ढिगात घातले आणि जो हाताला लागेल तो बसवला. त्यामुळे बहुतेक आर्टिलरी नगांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळणं हेच त्यांच्या खरेपणाचं लक्षण. इतर कोल्टमध्ये जे वैगुण्य, ते इथं प्रमाण. एकाची फ्रेम, दुसऱ्याचं चक्र, तिसऱ्याची मूठ. कॅन्सस, ॲरिझोना, डाकोटातल्या निरनिराळ्या पलटणींत हिंडलेली पोलादं एका देहात आलेली. ग्रॅहम, कोपेक आणि मूर या तिघांनी १९७६ साली या एकाच रिव्हॉल्व्हरवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ माझ्या उशाशी असतो. एका हत्याराच्या अभ्यासाला माणसांनी सबंध आयुष्यं दिली, याचं मला आता नवल वाटत नाही.

रंगांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. नळी आणि चक्र निळं, पण फ्रेमचा रंग वेगळा. फ्रेम हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात आणि एकदम पाण्यात बुडवतात. कोळशातला कार्बन वरच्या कातडीत शिरून ती कठीण होते, आतला गाभा चिवट राहतो. आपल्या कारखान्यांत याला केस हार्डनिंगच म्हणतात. इथं ते करताना पाण्यात हवा खेळवतात, म्हणून फ्रेमवर निळा, जांभळा, पिवळसर, तपकिरी असे रंग उमटतात, पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे. दोन फ्रेम कधीही सारख्या रंगत नाहीत. आणि हे रंग उन्हानं, घामानं, हाताळण्यानं पुसट होत जातात. शंभर वर्षांनी उरते ती राखाडी, कुठं कुठं करडी झाक. झडपेच्या मागे किंवा चापाच्या कड्याखाली, जिथं कुणाचं बोट पोचलं नाही तिथं, मूळ निळा-जांभळा रंग अजून शिल्लक असतो. तो शोधायला मला फार आवडतं.

मी पहिलं घेतलं ते कोल्ट नव्हतं. सुरुवात केली १९५० च्या दशकातल्या रूगरच्या 'सिंगल सिक्स'नं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कोल्टनं सिंगल ॲक्शन बनवणं थांबवलं होतं. मग दूरदर्शन आलं, घराघरांत वेस्टर्न मालिका सुरू झाल्या आणि लोक जुनं रिव्हॉल्व्हर मागू लागले. कोल्टच्या आधी ती हाक बिल रूगरनं ऐकली. याच कनेक्टिकट राज्यात, साउथपोर्टला त्यानं १९४९ मध्ये कंपनी काढली होती. १९५३ ला 'सिंगल सिक्स' आणलं, १९५५ ला 'ब्लॅकहॉक'. दिसायला जुनं, पण चपट्या स्प्रिंगा मोडतात म्हणून आत गुंडाळीच्या स्प्रिंगा. कोल्टनं १९५६ ला आपलं उत्पादन पुन्हा सुरू केलं. जुन्या रूगरच्या कडेला तीन स्क्रू दिसतात, म्हणून संग्राहक त्यांना 'थ्री स्क्रू' म्हणतात. घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असताना पिस्तूल खाली पडलं तर ते उडू शकतं, हा सगळ्याच जुन्या सिंगल ॲक्शनचा धोका. म्हणून जाणते लोक पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. रूगरनं १९७३ मध्ये आतली रचना बदलून हा धोका काढून टाकला, आणि जुने नग पाठवले तर कंपनी ते विनामूल्य सुधारून देते, काढलेले भागही परत पाठवते. माझ्या 'सिंगल सिक्स'बरोबर ते जुने भाग एका छोट्या पुडीत आले. आधीच्या मालकानं ती पुडी जपली होती, मीही जपते.

कोल्ट नंतर आलं. १९०२ चं, ३८-४० काडतुसाचं, निळेपणा जवळजवळ सगळा गेलेलं. नळीच्या टोकाशी एक बाजू चामड्याच्या म्यानात घासून पांढरी पडली आहे, म्हणजे ते वर्षानुवर्षं कमरेला होतं. मुठीच्या तळाशी कोणीतरी खिळ्यानं दोन अक्षरं ओरखडली आहेत. आत मात्र खड्डे नाहीत, गंज नाही. ज्याचं होतं तो तेल घालत होता. कोल्टच्या दप्तरात जुन्या नगांच्या पाठवणीच्या नोंदी आहेत, आणि शुल्क भरलं की कंपनी त्या नगाचं पत्र देते. माझ्या पत्रात सेंट लुईसच्या एका घाऊक हार्डवेअर व्यापाऱ्याचं नाव आलं. खिळे, नांगराचे फाळ, कुलपं आणि त्यांच्यासोबत खोक्यातून गेलेलं हे. पुढचं कागदावर नाही. एकेकाळचा शेरीफ बॅट मास्टरसन यानं १८८५ साली डॉज सिटीच्या एका सलूनच्या कागदावर पत्र लिहून कोल्टकडे आपल्या पसंतीचं रिव्हॉल्व्हर मागवलं होतं, चाप हलका हवा आणि पुढची माशी जराशी उंच हवी असं कळवून. ते पत्र प्रसिद्ध आहे. माझ्या पिस्तुलाच्या मालकाचं पत्र नाही, दोनच अक्षरं आहेत. ती मला पुरतात.

संग्राहकांत एक म्हण आहे, वस्तू विकत घ्या, गोष्ट घेऊ नका. विकणारा म्हणतो हे अमक्या शेरीफचं होतं, तमक्या दरोडेखोराचं होतं. गोष्टीला पुरावा नसतो आणि किंमत मात्र तिचीच लावलेली असते. बनावट शिक्के, घासून पुन्हा कोरलेले क्रमांक, सगळं बाजारात चालतं. म्हणून भिंग, म्हणून ग्रंथ, म्हणून कारखान्याचं पत्र.

सगळ्यात जास्त पैसा कुठल्या नगांना मिळतो, हे कळलं तेव्हा मात्र मन खिन्न झालं. २५ जून १८७६ ला मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी अमेरिकी सेनानी कस्टरच्या सातव्या घोडदळाचा लकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांनी पराभव केला. त्या घोडदळाकडे हीच रिव्हॉल्व्हरं होती, एन्सवर्थच्या शिक्क्याची. त्या पलटणीकडे गेलेल्या क्रमांकांच्या आसपासचा नग निघाला की लिलावात उड्या पडतात. ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं, करार मोडले गेले आणि ज्यांची ती भूमी होती त्यांना राखीव हद्दीत कोंडायला हे सैन्य निघालं होतं. पोलादावरचा मजकूर वाचायचा म्हटलं तर हाही वाचावा लागतो. मी त्या लढाईबद्दल लकोटांच्या बाजूनं लिहिलेलं शोधून वाचते, आणि माझ्या नोंदवहीत घोडदळाच्या पानासमोर तेही लिहिते. हत्याराच्या कारागिरीवर जीव लावायचा आणि ते कोणावर रोखलं गेलं हे विसरायचं, हे मला पटत नाही.

हार्टफर्डमध्येच एक चर्च आहे, 'चर्च ऑफ द गुड शेफर्ड'. सॅम्युएल कोल्ट १८६२ च्या जानेवारीत ४७ व्या वर्षी गेला. दोन वर्षांनी कारखान्याला आग लागून मोठा भाग खाक झाला. त्याची बायको एलिझाबेथ हिनं तो पुन्हा उभारला, आणि शतकाच्या अखेरपर्यंत मालकी तिच्याकडे राहिली. म्हणजे १८७३ चं हे रिव्हॉल्व्हर जन्मलं ते एका बाईच्या कारखान्यात, हे बहुतेक पुस्तकं जाता जाता सांगतात. मला ते ठळक सांगावंसं वाटतं. तिची मुलं लहानपणीच गेली, एकटा कॅल्डवेल मोठा झाला, आणि तोही तिच्या हयातीत गेला. नवरा आणि मुलं यांच्या स्मरणार्थ तिनं १८६९ मध्ये हे चर्च बांधलं. त्याच्या एका दरवाजाच्या दगडी कमानीवर फुलापानांऐवजी रिव्हॉल्व्हरचे भाग कोरले आहेत. घोडे, चक्रं, नळ्या. देवाच्या दारात हत्यार, असं म्हणून पहिल्यांदा मी दचकले. मग आपल्याकडची खंडेनवमी आठवली. बाबा त्या दिवशी कानस, कॅलिपर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडून हळदीकुंकू वाहायचे. त्या कमानीखालून कारखान्याची माणसं प्रार्थनेला जात असणार, आणि डोक्यावर त्यांच्याच हातचं काम असणार.

तोच कारखाना यंत्रविद्येची शाळाही होता. एलिशा रूट या कारखान्याच्या मुख्य तंत्रज्ञानं तिथं यंत्रांवर भाग घडवण्याची पद्धत बसवली. फ्रान्सिस प्रॅट आणि अमोस व्हिटनी हे दोघं तिथं काम करून बाहेर पडले आणि त्यांनी यंत्र बनवणारी यंत्रं घडवली. त्यांच्या नावाची इंजिनं आज विमानांना आहेत. मार्क ट्वेनच्या १८८९ च्या कादंबरीतला, राजा आर्थरच्या काळात जाऊन पडणारा नायकही कोल्टच्या कारखान्यातलाच कारागीर आहे.

घरी हा विषय सोपा नव्हता. आमच्या पहिल्या व्हिसावर असताना बंदूक बाळगायला इथला कायदा सर्वसाधारणपणे मुभाच देत नाही. ग्रीन कार्डानंतर सुरक्षेचा कोर्स, बोटांचे ठसे, परवाना, सगळं रीतसर केलं. देशाच्या कायद्यात १८९८ पर्यंतची शस्त्रं पुरातन वस्तू धरली जातात, पण राज्याचे नियम वेगळे, आणि कनेक्टिकटचे कडक. ते कडक असावेत असं माझं स्पष्ट मत आहे. १४ डिसेंबर २०१२ ला न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ते गाव आमच्यापासून गाडीनं तासाभरावर आहे. गेलेली मुलं पहिलीतली होती. माझी मुलगीही तेव्हा पहिलीत होती. त्या दुपारी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांपैकी मी एक आहे, आणि तीच मी आज जुनी रिव्हॉल्व्हरं जमवते. नवऱ्यानं एकच विचारलं होतं, "घरात हे असणं तुला चालेल का?" मी विचार करून उत्तर दिलं. पोलादी तिजोरी, तिची किल्ली फक्त माझ्याकडे, आणि घरात काडतूस एकही नाही. आजही नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असलं कशाला घरात? त्यापेक्षा अडकित्ते जमव." पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं जमवता जमवता एक सबंध संग्रहालय उभं केलं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण मला त्यातून धीर आला. केळकरांनी वापरून झिजलेल्या वस्तूंना मान दिला. हात लागून गुळगुळीत झालेली कडा त्यांना सोन्याहून मोलाची वाटली.

म्हणून माझ्या गुरुजींनी शिकवलेला शेवटचा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनं पिस्तूल चकचकीत करायचं नाही. नवा निळा मुलामा दिला, गंजाचे डाग घासले, ओरखडे बुजवले, तर ते सुंदर दिसतं आणि मुकं होतं. घासताना अक्षरांच्या कडा गोल होतात, तपासनीसाचा शिक्का पुसट होतो, मुठीखालची दोन अक्षरं जातात. मूळ वस्तू एकदाच मूळ असते. तेलाचा हलका हात, कोरडी जागा, लोकरीचं कापड. बस्स. बाकी काळानं जे लिहिलं ते तसंच राहू द्यायचं. लिलावातही घासून नवं केलेल्या नगापेक्षा झिजलेल्या पण अस्पर्श नगाला जास्त पैसे मिळतात, तो भाग निराळा.

भारतात राहणाऱ्यांना हा छंद करता येणार नाही, आणि येऊही नये. तिथला शस्त्रकायदा योग्यच आहे. पण तुमच्या वाड्यात, माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात जुनं काहीतरी असेलच. ठासणीची बंदूक असेल तर तिला हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन कायद्याची बाजू नीट करून घ्या. तलवार, कट्यार, समई, अडकित्ता, कुलूप काहीही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ते चिंचेनं आणि राखेनं घासून लखलखीत करू नका. कोरड्या कापडानं पुसा. त्यावर काही कोरलेलं असेल तर उजेडात तिरपं धरून वाचा. आणि ते कोणाचं होतं, घरात कधी आलं, हे आजीला आठवतंय तोवर तिला विचारा, ती सांगेल ते तारीख घालून कागदावर लिहा आणि तो कागद त्या वस्तूजवळ ठेवा.